कारण : नोकरी

तुझा प्रश्न दोनच ओळींचा होता. काका, राजकारणामुळे कुणी राज्य सोडून जातं का, आणि तुम्ही गोव्याला गेलात ते त्यामुळेच का? त्याखाली तू सगळी हकिगत लिहिलीस. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा तू आंदोलनात होतास. तुझ्यावर गुन्हा दाखल आहे. चुलतभाऊ रिफायनरीच्या बाजूचा, घरं एकाच अंगणात आणि दोन वर्षं बोलणं बंद. आता बायको आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन इकडे यायचा विचार आहे. चार दिवस मी उत्तर दिलं नाही. खरं लिहायचं तर जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहावं लागणार होतं.

माणसं जातात, पण त्यांची नोंद कुठे होत नाही. जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात. नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबाबरोबर गेले आणि शेवटी 'इतर'. राजकारण असा रकानाच नाही. पुढची जनगणना दारात येईल तेव्हा मीही 'नोकरी' असंच सांगणार, कारण बारा-तेरा वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलोय. गोव्यात कुंडईला कारखान्यात जागा निघाली म्हणून आलो. जागा निघाली होती हे खरं आहे. पण ती शोधायला मी का लागलो, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आमचं गाव माडबनच्या शेजारचं. तिथे ९,९०० मेगावॅटचा जैतापूर अणुप्रकल्प यायचा होता, १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्यात गोळीबार झाला, एक तरुण गेला. त्यानंतर आमच्याकडे माणसाची ओळख एकाच गोष्टीवरून व्हायला लागली, जमिनीच्या भरपाईचा चेक घेतला की नाही घेतला. बाबांनी त्या दिवाळीनंतर चेक घेतला. गावात सगळे समजतात की म्हाताऱ्याला पैशाचा मोह पडला. तसं नव्हतं. मी त्यांच्या मागे लागलो होतो. जमीन नाहीतरी जाणारच, मग भांडून काय उपयोग, असं म्हणून मी त्यांना सही करायला बसवलं. सही करताना त्यांनी मान वर केली नाही. त्याचा दोष त्यांनी मरेपर्यंत स्वतःच्या अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्या शिमग्याचं सांगतो. पालखी आमच्या वाडीत येणार त्या दिवशी हिने पहाटे उठून अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट केलं. खण, नारळ, तांदूळ, वर अबोलीचा गजरा. मुलगी आठ वर्षांची, नवीन फ्रॉक घालून अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी, उभी. ढोल पाखाडीच्या पायऱ्यांवरून खाली यायला लागला तशी ती आत-बाहेर पळत होती. पालखी गडग्यापर्यंत आली, आणि थांबली नाही. खांदेकऱ्यांत माझ्याबरोबर शाळेत गेलेले तिघे होते. एकानेही इकडे बघितलं नाही. ढोल पुढच्या दारात वाजायला लागला. हिने ताट उचलून आत नेलं आणि नारळ देवापुढे ठेवला. मुलीने विचारलं, "देव आपल्याकडे का नाय आला?" मी म्हटलं, "उशीर झाला असेल त्यांना." जूनमध्ये आम्ही गाव सोडलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मुंबई-दिल्लीत कुणाचं सरकार आहे यावरून कोकणातला माणूस गाव सोडत नाही. तुमच्याकडचंच बघ ना, नाणारच्या रिफायनरीला विरोध झाला, मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. आणि नाणारला विरोध करणाऱ्या उद्धव ठाकऱ्यांनीच मुख्यमंत्री असताना जानेवारी २०२२ मध्ये बारसूची जागा सुचवणारं पत्र पंतप्रधानांना पाठवलं. वर असं फिरत असतं, त्याने कुणी घराला कुलूप लावत नाही. पण तेच भांडण गावकीत उतरलं, देवळाच्या बैठकीत आणि मुंबई मंडळाच्या सभेत आलं, कुणाच्या लग्नाला जायचं आणि कुणाच्या नाही हे त्यावरून ठरायला लागलं, की माणूस निघतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. आमच्या वेळी तो नव्हता. असता तरी मी तक्रार केली नसती. ज्यांच्याबरोबर विटीदांडू खेळलो त्यांच्यावर केस करून त्याच पाखाडीवर राहायचं कसं?

आता इकडचं. नियम काय आहेत ते सरकारी संकेतस्थळांवर सगळं आहे, ते मी लिहीत बसत नाही. गॅस, आधार, रेशनकार्डातलं नाव कमी करणं, ही कामं होतात. गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नंबर बदलावा लागतो. आधी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत, मग इकडचा कर. मी दोन वर्षं टाळलं, एमएच-०८ ची पाटी काढवेना. शेवटी काढली. तुझ्या बाबतीत वेगळी गोष्ट आहे ती गुन्ह्याची. इथले कारखाने पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. वकिलाला आधी भेट, केस कुठवर आली ते कागदावर घे, आणि तारखांना रजा मिळेल का ते नोकरी धरण्याआधी विचार.

शाळेचं मात्र सविस्तर लिहितो, ते अजून डाचतं. राज्य बदललं की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. मला ते कुणी सांगितलं नाही. जून निम्मा संपल्यावर इथल्या शाळेने दाखला परत दिला. मी पावसात रात्रीच्या एसटीने गेलो, तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला साहेब होते, शिक्का असलेल्या बाई रजेवर. तिसऱ्या खेपेला सही झाली. तोपर्यंत चौथीचा वर्ग भरला होता आणि शाळेने तिला परत तिसरीत बसवलं. म्हणे, कोंकणी येत नाही, आधी रुळू दे. तिसरीत पहिली आलेली मुलगी परत तिसरीत. मी त्या दिवशी भांडायला हवं होतं. नवीन गावात पहिल्याच महिन्यात भांडण नको म्हणून गप्प राहिलो. गावातून भांडणामुळेच निघालो होतो ना.

आणि भांडण इथेही होतंच. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं आणि माध्यमावरून गोवा पेटला होता. आम्ही आलो तेव्हा पालकांच्या बैठकीत लोक अगदी आमच्या गावच्यासारखेच समोरासमोर बसलेले. आपल्याकडे मूल दहावीपर्यंत मराठीतून शिकू शकतं. इथे सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजी. माझ्या मुलीने पाचवीचं अख्खं वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. घरी मात्र ती एकटीच भिंतीला शिकवायची, इंग्रजीतून. तुझा मुलगा सहाचा आहे, त्याला पहिलीपासून इथे घाल, मधल्या इयत्तेत आणू नकोस. आणि तो मोठा झाल्यावर सरकारी नोकरीला अर्ज करायला लागला की पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागतील. कोंकणी आवश्यक, मराठी आली तर उत्तम, असं जाहिरातीतच असतं. मुलीने अर्ज करायचं म्हटलं तेव्हा आमची तेरा वर्षं भरली होती. कोंकणी ती आता माझ्याशीसुद्धा बोलते. तेरा वर्षं कमी पडली. तिने कागद फाईलमध्ये परत लावले आणि विचारलं, "आपण दोन वर्षं आधी का नाही आलो?" त्या रात्री मी तिला पालखीचं खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, आईने कधीच सांगितलंय. चेकचं मात्र तेव्हाही मी सांगितलं नाही.

एकटेपणाचं विचारलं आहेस. असतो. नोकरी, बाजार, मुलाचा अभ्यास यात दिवस जातो. त्यासाठी थांबू नकोस.

लोक वाईट नाहीत. "तुमी खंयचे?" असं विचारतात, रत्नागिरी म्हटलं की बरं म्हणतात. पण रागात आले की भायले, म्हणजे बाहेरचे, म्हणतात, कधी घाटीसुद्धा. आपण घाटावरच्यांना जे म्हणतो तेच आपल्याला ऐकून घ्यावं लागतं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळलंच नाही की ते मला उद्देशून आहे. आमचे घरमालक फोंड्याचे, त्यांनी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मत दिलेलं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फूल, वेगळा ठेवायचा तर दोन पानं. त्यांनी फुलावर शिक्का मारला, सख्ख्या भावाने पानांवर. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. भाऊ सहा वर्षं बोलत नव्हते, असं ते सांगतात. सातव्या वर्षी चवथीला धाकटा गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी नारळांचा घड घेऊन आला आणि काही न बोलता बांधायला लागला. मी त्यांना विचारलं, त्या सहा वर्षांत घर सोडून जावं असं वाटलं नाही का? ते म्हणाले, "वचून खंय वचप?" जाऊन जायचं कुठे. मला मात्र जायला जागा मिळाली होती.

दोन गोष्टी राहिल्या. २०१३ मध्ये भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेली आणि आम्हाला वाळीत टाकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी चेक घेतले. खांदेकऱ्यांतल्या दोघांनीही. भट्टी अजून एकही उभी नाही, नुसती कुंपणाची भिंत आहे. मी एक वर्ष कळ काढली असती तर मुलगी त्याच शाळेत चौथीला गेली असती. हे मला त्या वेळी दिसणं शक्य नव्हतं, पण त्याने समाधान होत नाही. दुसरं म्हणजे, एकदा ग्रामपंचायतीला मत द्यायला गेलो तर यादीत नावच नाही. कुणीतरी सात नंबरचा अर्ज भरून हरकत घेतली होती, कायमचे स्थलांतरित म्हणून. अर्ज चुकीचा नव्हता. तरी शाळेच्या पडवीत मी बराच वेळ यादीच बघत उभा राहिलो.

बाबा इकडे यायला कधी तयार झाले नाहीत. ते गेल्याचा फोन पहाटे आला आणि मी पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. दोन्ही बाजूंचे लोक. सरण रचून झालं होतं, आणि तिरडीला पुढून खांदा ज्याने दिला तो त्या दिवशी पालखीच्या दांड्याला होता. मला कुणी काही करू दिलं नाही, सगळं त्यांनीच केलं. मी राहिलो असतो तर हे दार माझ्यासाठीही असंच उघडलं असतं का? याचं उत्तर मला सापडत नाही. तू येऊ नकोस असं म्हणायला मला तोंड नाही आणि ये म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या शिमग्याला शेजारच्या काकीचा फोन आला. पालखी आमच्या दारात थांबली होती. चावी तिच्याकडे असते, तिने दार उघडून ओटी भरली. फोन तिने तसाच हातात धरून ठेवला होता, ढोल ऐकू येत होता. ही स्वयंपाकघरातून आली आणि ऐकत उभी राहिली.

यायचं ठरलंच तर दाखल्यावरची प्रतिस्वाक्षरी एप्रिलमध्येच घे, मे महिन्यात साहेब भेटत नाहीत. आणि अंगणातल्या चुलतभावाला सांगितल्याशिवाय निघू नकोस. मी रात्रीचं सामान भरलं होतं.