सर्व्हेला वेट लावल्यावर ४४ टक्क्यांचे ३९ झाले, ही आकड्यांची फिरवाफिरवी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या उत्पादनासाठी ऑनलाइन सर्व्हे केला, १,००० जणांनी उत्तरं दिली. कच्च्या आकड्यांत ४४ टक्के लोक ‘घेईन’ म्हणाले, पण एजन्सीच्या रिपोर्टमध्ये ३९ टक्केच दिसतात. विचारल्यावर ‘वेटिंग केलंय’ (म्हणजे काहींच्या उत्तरांना कमी, काहींच्या उत्तरांना जास्त भार दिलाय) एवढंच उत्तर मिळालं. ही फिरवाफिरवी नाही का, आणि नसेल तर वेट लावलेला आकडा सगळ्या लोकसंख्येचा मानायचा का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: फिरवाफिरवी नाही. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे, आणि खरं तर ते एजन्सीने न विचारताच द्यायला हवं होतं. मी मार्केट रिसर्चमध्ये डेटा प्रोसेसिंगचं काम करतो, वेट काढणं आणि तपासणं हे माझं नेहमीचं काम आहे. ‘वेटिंग केलंय’ या दोन शब्दांवर ग्राहकाची बोळवण झालेली मला अजिबात आवडत नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच हिशोब मांडू. ३५ च्या आतले ६०० जण, त्यातले ३०० ‘घेईन’ म्हणाले. ३५ ते ५४ मधले ३०० जण, त्यातले १२०. ५५ आणि त्यापुढचे १०० जण, त्यातले २०. सगळे मिळून ४४०, म्हणजे ४४ टक्के. एजन्सीने प्रौढ लोकसंख्येत या तीन गटांचं प्रमाण ४०, ३५ आणि २५ टक्के धरलंय. म्हणजे तुमच्या सॅम्पलमध्ये तरुण गरजेपेक्षा जास्त आले आणि वयस्कर फारच कमी. वेट म्हणजे हवं असलेलं प्रमाण भागिले मिळालेलं प्रमाण. तरुणांना ४० भागिले ६०, म्हणजे ०.६७. मधल्या गटाला १.१७. वयस्करांना २५ भागिले १०, म्हणजे २.५. आता प्रत्येकाचं उत्तर ‘एक’ न मोजता त्याच्या वेटाइतकं मोजायचं. ४० टक्क्यांचे निम्मे २०, ३५ टक्क्यांचे चाळीस टक्के १४, २५ टक्क्यांचे वीस टक्के ५. बेरीज ३९. एकाही माणसाचं उत्तर कोणी बदललेलं नाही, कोणाचा आवाज किती मोजायचा एवढंच बदललंय.

पण किती मोजायचा हे ठरवलं कशावरून? सगळं प्रकरण इथे आहे, गणितात नाही. ४०-३५-२५ हे प्रमाण सगळ्या प्रौढांचं आहे. तुमचं उत्पादन सगळ्या प्रौढांसाठी आहे का? की त्या प्रकारच्या वस्तू आधीपासून विकत घेणाऱ्यांसाठी? समजा त्या खरेदीदारांमध्ये ५५ च्या पुढचे १० टक्केच असतील आणि ३५ च्या आतले ६० टक्के, तर तुमचं सॅम्पल वयाच्या बाबतीत आधीच बरोबर होतं. मग ४४ हाच खरा आकडा आणि ३९ चुकीचा. दोन्ही वेळा सूत्र तेच, डेटा तोच. फक्त ‘कोणाच्या वतीने बोलतोय’ हे बदललं. म्हणून ‘प्रातिनिधिक’ हा शब्द एकटा कधीच घेऊ नका. कोणाचं प्रातिनिधिक, हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेलं हवं, आणि त्या गटाची टक्केवारी कुठून घेतली तेही: जनगणना, एखादा मोठा सरकारी सर्व्हे, की एजन्सीचा स्वतःचा अंदाज. खरेदीदारांचं प्रमाण जनगणनेत सापडत नाही. ते काढायला साधारणपणे आधी सर्वसामान्य लोकांचं सॅम्पल घेऊन, त्याला वेट लावून, त्यातले किती जण ती वस्तू घेतात हे मोजावं लागतं. पैसे वाचवायला ही पायरी गाळली जाते आणि मग सगळ्या प्रौढांचं प्रमाण खरेदीदारांवर चिकटवलं जातं. मी पाहिलेल्या वेटिंगच्या गोंधळांत हा प्रकार सगळ्यात जास्त.

दुसरी गोष्ट, आकडा हलला तो वयामुळे उत्तर बदलत होतं म्हणून. तिन्ही गटांत ४४ टक्केच ‘घेईन’ असते, तर कितीही वेट लावा, निकाल ४४ च राहिला असता. म्हणजे वेटिंगचा निकष असा हवा की सर्व्हेला कोण सापडतं हेही त्यावर ठरतं आणि लोक काय उत्तर देतात हेही. वय आणि लिंग सवयीने सगळेच घेतात. शिक्षण राहून जातं, आणि ते महागात पडतं. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत राज्यपातळीवरच्या बऱ्याच जनमत चाचण्यांनी शिक्षणाप्रमाणे वेट लावलेच नव्हते. पदवीधर लोक सर्व्हेला जास्त उत्तरं देतात, आणि त्या वर्षी पदवीधरांचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे जास्त होता. वय, लिंग, वंश सगळं जुळवूनही त्यांचा पाठिंबा फुगलेला दिसला. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने नंतर केलेल्या तपासणीत हे एक कारण ठळकपणे पुढे आलं.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच निकष घ्या. वय, लिंग, शिक्षण, प्रदेश, कुटुंबाचा आकार. सगळ्यांचे एकत्र कप्पे पाडले तर शेकडो कप्पे होतात आणि निम्मे रिकामे राहतात. यावरचा उपाय जुना आहे: डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग आणि फ्रेडरिक स्टीफन या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेच्या कामासाठी मांडला. आमच्याकडे त्याला रिम वेटिंग म्हणतात, काही जण रेकिंग म्हणतात. आधी वयाचं प्रमाण जुळवायचं, मग लिंगाचं. त्यात वयाचं थोडं बिघडतं. मग शिक्षणाचं, मग पुन्हा वयापासून सुरुवात. असे फेरे घेत गेलं की आकडे स्थिरावतात आणि प्रत्येक निकषाची एकूण टक्केवारी एकाच वेळी जुळते. पण एकूणच जुळते, हे लक्षात असू द्या. स्त्रियांचं प्रमाण बरोबर आणि वयस्करांचंही बरोबर, तरी वयस्कर स्त्रिया कमीच असू शकतात. वय आणि लिंग एकत्र दाखवणारा आडवा-उभा तक्ता मागून बघावा.

आता वेटिंगची किंमत. ही रिपोर्टमध्ये क्वचितच छापतात. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या सूत्राने ती पटकन काढता येते: सगळ्या वेटांची बेरीज घ्या, तिचा वर्ग करा, आणि वेटांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. तुमच्या डेटात वेटांची बेरीज १,०००. वर्गांची बेरीज १,३०० (६०० तरुणांचे साधारण २६७, मधल्या गटाचे ४०८, वयस्करांचे ६२५). दहा लाख भागिले १,३०० म्हणजे ७६९. तुम्ही पैसे दिले १,००० मुलाखतींचे, पण ३९ टक्क्यांच्या मागे ताकद आहे सुमारे ७७० मुलाखतींची. मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा किती वर-खाली असू शकतो ते, ३.१ वरून ३.५ टक्क्यांपर्यंत गेलं. ही घट परवडण्यासारखी आहे. परिणामकारक सॅम्पल (तुमच्याकडे हे ७७०) निम्म्यावर आलं असतं, तर मी वेटिंग थांबवून सॅम्पलच परत तपासलं असतं.

ही किंमत सगळ्यांत सारखी वाटली जात नाही. तुमच्या ५५ च्या पुढच्या १०० जणांपैकी आणखी फक्त पाच जणांनी ‘घेईन’ म्हटलं असतं, तर पाच गुणिले २.५, म्हणजे एकूण निकाल सव्वा टक्क्याने वर गेला असता. तेच पाच तरुण असते तर टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. आता हे पाच जण कोण, हे बघणं आलंच. म्हणून फाइल हातात आली की मी वेटचा कॉलम उतरत्या क्रमाने लावतो आणि वरच्या माणसांच्या प्रश्नावल्या पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत वाचतो. एकदा सगळ्यात वर एक ६२ वर्षांचे गृहस्थ होते, वेट ४.८. पंचवीस मिनिटांची प्रश्नावली त्यांनी चार मिनिटांत संपवली होती, आणि रेटिंगच्या प्रत्येक रांगेत एकच पर्याय, उभ्या रेषेत. त्या एका निष्काळजी भरलेल्या फॉर्मला जवळजवळ पाच माणसांचं मत मिळणार होतं. ती नोंद काढली, वेट पुन्हा काढले. डेटाची सफाई वेटिंगच्या आधी झाली पाहिजे, नंतर नाही. हे एजन्सीला जरूर विचारा.

हाच प्रकार जाहीरपणेही झालाय. २०१६ मध्येच लॉस एंजेलिस टाइम्स आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जनमत चाचणीत इलिनॉयमधला एक १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता. ट्रम्प यांचा समर्थक. निकष फार बारीक गटांवर ठेवल्याने त्याचं वेट सरासरीच्या ३० पट आणि सगळ्यात हलक्या वेटाच्या सुमारे ३०० पट झालं. सुमारे तीन हजारांच्या पॅनेलमध्ये तो एकटा राष्ट्रीय आघाडी टक्काभर हलवू शकत होता. त्याचं मत खरंच होतं, पण त्या एकट्यावर एवढ्या लोकांचा भार टाकणं योग्य नव्हतं. म्हणून वेटांना वरची मर्यादा घालतात, बहुतेक ठिकाणी तीन ते पाचच्या आसपास. मर्यादा घातली की टक्केवारी थोडी कमी जुळते, पण आकडा एकेका माणसावर हेलकावे खात नाही. ही तडजोड आहे आणि मी ती बहुतेकदा स्वीकारतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा अवघड भाग. ५५ च्या पुढचे १०० जण तुम्हाला ऑनलाइन पॅनेलवर, म्हणजे सर्व्हे भरण्यासाठी नाव नोंदवलेल्या लोकांच्या यादीत, सापडले. पॅनेलवर नाव नोंदवून सर्व्हे भरणारा साठीचा माणूस हा त्या वयाच्या सगळ्यांसारखा असेलच असं नाही. तो ऑनलाइन सराईत आहे, नव्या गोष्टी करून बघतो. त्याला २.५ वेट दिलं म्हणजे त्याच्यासारखेच अडीच जण मिळतात. जो पॅनेलवर कधी येणारच नाही, तो मिळत नाही. तुमचे २० टक्के कदाचित आधीच फुगलेले असतील, आणि मग ३९ सुद्धा जास्तच असेल. वेटिंग ही त्रुटी दुरुस्त करत नाही, उलट नीट जुळलेल्या टक्केवारीखाली ती झाकली जाते.

१९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या अमेरिकी साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांवर परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट हरणार, त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेली होती, आणि त्यातही उत्तर पाठवणारे वेगळे होते. याउलट २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी संशोधकांनी एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर खेळणाऱ्यांचा सर्व्हे घेतला. ९३ टक्के पुरुष, ६५ टक्के तिशीच्या आतले. त्यांनी मॉडेल वापरून आणि राजकीय कल, आधीचं मतदान असे उत्तराशी घट्ट जोडलेले निकष घेऊन निकाल जुळवला, आणि तो निवडणुकीच्या निकालाच्या बराच जवळ गेला. तिथे उत्तरं लाखांत होती, त्यामुळे वयस्कर स्त्रिया टक्केवारीत कमी असल्या तरी मोजण्याइतक्या होत्या, आणि कोण कुणाला मत देईल हे ठरवणाऱ्या गोष्टी आधी माहीत होत्या. नव्या उत्पादनाच्या बाबतीत ती सोय नसते. कोण ‘घेईन’ म्हणेल हे वय आणि लिंगावरून फार थोडंच कळतं.

एक मोह टाळा. काही ग्राहक म्हणतात, आमचा बाजारातला हिस्सा १८ टक्के आहे, सर्व्हेत २५ आला, तर वेट लावून १८ करा. जे मोजायचं तेच वेटिंगचा निकष केलं तर सर्व्हेने नवीन काहीच सांगितलं नाही. शिवाय विक्रीतला हिस्सा हा मालाचा असतो आणि सर्व्हेतला माणसांचा. एकजण महिन्याला दहा पाकिटं घेतो, दुसरा एक. त्या दोन टक्केवाऱ्या जुळण्याचं कारणच नाही.

तुमच्या फाइलबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. एजन्सीकडून वेट लावलेले आणि न लावलेले दोन्ही तक्ते घ्या, आणि प्रत्येक रकान्याखाली कच्चा बेस, म्हणजे प्रत्यक्षात किती जणांना विचारलं तो आकडा, छापायला सांगा. नाहीतर वयस्करांच्या रकान्यात बेस २५० दिसेल आणि माणसं असतील १००. गटांमधला फरक ‘सिग्निफिकंट’ (म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही) असल्याचं लिहिलं असेल तर ती चाचणी परिणामकारक सॅम्पलवर केली का तेही विचारा. साध्या सॉफ्टवेअरला वेट दिलं की ते त्याला माणसांची संख्या समजतं आणि वयस्करांचे १०० सरळ २५० धरून चाचणी करतं, त्यामुळे नसलेले फरक सिद्ध झाल्यासारखे दिसतात.

पुढच्या फेरीत हे काम वेटवर सोडू नका. ५५ च्या पुढच्यांचा कोटा १०० वरून २०० ते २५० करा, आणि त्यातले निदान काही जण फोनवर किंवा समोरासमोर गाठा. मग ऑनलाइन आणि प्रत्यक्ष गाठलेल्या वयस्करांच्या उत्तरांत किती अंतर पडतं ते शेजारी शेजारी बघता येईल. खर्च वाढेल, पण त्या २० टक्क्यांवर किती विसंबायचं हे कळायला दुसरा मार्ग नाही. आणि या फेरीतले वेटिंगचे निकष, टक्केवारी, वरची मर्यादा हे सगळं लिहून ठेवा. दोन फेऱ्यांत निकष बदलले आणि ३९ चे ४२ झाले, तर लोक बदलले की वेट, हे कोणालाच सांगता येणार नाही.