पेंटाहोच्या ट्रान्सफॉर्मेशनमध्ये शेवटी ठेवलेलं एसक्यूएल सगळ्यात आधी का चालतं?

पेंटाहो हे डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारं साधन, आणि ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे त्यातली बाणांनी जोडलेल्या स्टेपची मांडणी. तुमची मांडणी मला समजली ती अशी: टेबल इनपुट स्टेजिंग टेबलातून (आलेला डेटा तात्पुरता ठेवायचं टेबल) ओळी वाचतं, टेबल आउटपुट त्या मुख्य टेबलात घालतं, आणि त्याच्यापुढे बाण ओढून ‘एक्झिक्यूट एसक्यूएल स्क्रिप्ट’ ही स्टेप जोडली आहे. तिच्यात स्टेजिंग रिकामं करायचं ट्रंकेट आहे. चालवल्यावर मुख्य टेबलात शून्य ओळी, स्टेजिंगही रिकामं, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही. आधी एवढं करा: शेड्यूल थांबवा आणि स्टेजिंग मूळ स्रोतावरून पुन्हा भरून घ्या. ट्रंकेट कमिट म्हणजे कायम झालंय, तो डेटा तिथून परत मिळणार नाही.

आता कारण. ट्रान्सफॉर्मेशनमधले बाण ओळी कुठून कुठे जातात एवढंच सांगतात, आधी कोण आणि नंतर कोण हे सांगत नाहीत. प्रत्येक स्टेप आपल्या स्वतंत्र थ्रेडमध्ये चालते आणि सगळ्या एकदम सुरू होतात. त्याआधी एक तयारीचा टप्पा असतो. त्यात प्रत्येक स्टेप कनेक्शन उघडते, व्हेरिएबल भरून घेते वगैरे. टेबल इनपुट या टप्प्यात फक्त कनेक्शन उघडतं, त्याची क्वेरी नंतर ओळी वाहायला लागल्यावर धावते. पण एक्झिक्यूट एसक्यूएल स्क्रिप्टमध्ये ‘प्रत्येक ओळीसाठी चालवा’ ही टिक नसेल, तर ती आपलं एसक्यूएल या तयारीच्या टप्प्यातच चालवून मोकळी होते. म्हणजे पहिली ओळ वाचायच्या आधीच स्टेजिंग साफ. टेबल इनपुटला रिकामं टेबल मिळालं, त्याने शून्य ओळी पुढे दिल्या, आणि शून्य ओळी ही काही एरर नव्हे.

याच स्वभावातून आणखी दोन गोष्टी निघतात. स्टेपच्या प्रती वाढवून ४ केल्या तर तेच एसक्यूएल ४ वेळा चालतं, कारण तयारी प्रत्येक प्रतीची वेगळी होते. आणि स्पूनमध्ये (पेंटाहोचा मांडणी करायचा प्रोग्राम) ‘सहज बघू’ म्हणून प्रिव्ह्यू दाबला तरी ट्रान्सफॉर्मेशन खरोखर चालतं, त्यामुळे तुमचं डिलीट किंवा ट्रंकेटही खरोखर चालतं. प्रॉडक्शनच्या कनेक्शनवर प्रिव्ह्यू दाबायची सवय असेल तर ती मोडा.

हे एसक्यूएल जॉबमध्ये न्या. जॉबमधल्या नोंदी एकामागून एक चालतात, आणि तिथे ‘एसक्यूएल’ नावाची वेगळी नोंद आहे. स्टार्ट, मग ट्रान्सफॉर्मेशन, मग एसक्यूएल, मग सक्सेस. बाणाचा रंग मात्र नीट पाहा. हिरवा बाण आधीची नोंद यशस्वी झाली तरच पुढे नेतो, लाल ती फसली तर, आणि कुलपाचं चिन्ह असलेला काहीही झालं तरी. ट्रान्सफॉर्मेशन आणि ट्रंकेट यांच्यामध्ये कुलूपवाला बाण राहिला, तर लोड अर्ध्यात फुटल्यावरही स्टेजिंग पुसलं जाईल. हिरव्यावरही डोळे मिटून विश्वास नको. टेबल आउटपुटला एरर हँडलिंगचा फाटा लावून वाईट ओळी बाजूला काढल्या असतील, तर त्या ओळी ट्रान्सफॉर्मेशनच्या एररमध्ये मोजल्या जात नाहीत. ५०० ओळी नाकारल्या गेल्या तरी बाण हिरवाच. अशा ठिकाणी नाकारलेल्या ओळी एका टेबलात साठवा, आणि ट्रंकेटच्या आधी त्या टेबलातल्या ओळी मोजणारी नोंद जॉबमध्ये घाला. ‘इव्हॅल्युएट रोज नंबर इन अ टेबल’ नेमकी याचसाठी आहे.

‘ब्लॉकिंग स्टेप वापरा, सगळं ट्रान्सफॉर्मेशनमध्येच बसतं’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ती स्टेप सगळ्या ओळी येईपर्यंत थांबते आणि फक्त शेवटची पुढे सोडते. तिच्यापुढे एक्झिक्यूट एसक्यूएल स्क्रिप्ट ‘प्रत्येक ओळीसाठी’ टिक करून लावली की ती एकदाच, शेवटी चालते. पण एकही ओळ आली नाही तर ती चालतच नाही. शिवाय ओळी संपल्याचा निरोप मिळाला म्हणजे टेबल आउटपुटची शेवटची तुकडी कमिट झाली असं नसतं. टेबल आउटपुटचं कनेक्शन वेगळं असतं आणि कमिटचा आकार डीफॉल्ट १००० ओळींचा. शेवटचे काही शे रेकॉर्ड अजून हवेत असताना तुमचं एसक्यूएल धावू शकतं. मी हा मार्ग घेत नाही.

खरं तर तुमच्या बाबतीत ओळी पेंटाहोमध्ये आणायचीच गरज दिसत नाही. स्टेजिंग आणि मुख्य टेबल दोन्ही एकाच पोस्टग्रे डेटाबेसमध्ये आहेत, मध्ये कसली प्रक्रियाही नाही. मग एकच स्टेटमेंट पुरतं: ‘विथ’ने सुरुवात करा, त्यात स्टेजिंगमधून डिलीट करून ‘रिटर्निंग’ने सगळे कॉलम परत घ्या, आणि त्या निकालातून सिलेक्ट करून मुख्य टेबलात इन्सर्ट करा. पोस्टग्रे ९.१ पासून हे चालतं. स्टेटमेंट एकच असल्याने पुसणं आणि घालणं दोन्ही होतं किंवा दोन्ही होत नाही. ट्रान्झॅक्शन कुठे सुरू झालं, ऑटोकमिट आहे का, याची चिंता उरत नाही. डिलीट चालू असताना दुसऱ्या कुणी स्टेजिंगमध्ये नव्या ओळी टाकल्या तर त्या तशाच राहतात आणि पुढच्या फेरीत उचलल्या जातात. ट्रंकेटने त्या न वाचताच गेल्या असत्या.

त्याच इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट … डू अपडेट’ जोडा (९.५ पासून), म्हणजे तीच की (ओळ ओळखायची किंमत) पुन्हा आल्यावर जुनी ओळ अपडेट होते, आणि जॉब दोनदा चालला तरी नुकसान होत नाही. एक अडचण येतेच: स्टेजिंगमध्ये एकाच कीच्या दोन ओळी असतील, तर एकच ओळ एका स्टेटमेंटमध्ये दोनदा बदलता येत नाही अशी एरर देऊन पोस्टग्रे थांबतं. म्हणून सिलेक्टमध्ये ‘डिस्टिंक्ट ऑन’ की लावा आणि ऑर्डर बायमध्ये आधी की, मग बदलाची वेळ उतरत्या क्रमाने ठेवा, म्हणजे सर्वात ताजी ओळ निवडली जाईल.

वेगाचा फरकही लहान नाही. प्रत्येक ओळीला डेटाबेसकडे एक फेरी आणि एका फेरीला १ मिलिसेकंद धरलं, तर १० लाख ओळींना १००० सेकंद, म्हणजे साधारण १७ मिनिटं फक्त ये-जा करण्यात जातात. ‘इन्सर्ट / अपडेट’ ही स्टेप तर आधी ओळ शोधते आणि मग लिहिते, म्हणजे बहुतेक ओळींना दोन फेऱ्या. प्रत्येक ओळीसाठी एसक्यूएल चालवणं थोड्या ओळींपुरतं ठीक आहे, उदाहरणार्थ १२ महिन्यांच्या पार्टिशन बनवायला. पण इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट असं चालवत असाल तर किंमत मजकुरात चिकटवू नका. प्रश्नचिन्ह ठेवा, पॅरामीटरच्या यादीत फील्ड द्या आणि ‘बाइंड पॅरामीटर्स’ टिक करा. ती टिक नसेल तर किंमत मजकूर म्हणूनच घातली जाते, आणि नावात एक अपॉस्ट्रॉफी आली की स्टेटमेंट मोडतं. मात्र टेबलाचं किंवा कॉलमचं नाव बाइंड होत नाही, ते मजकूर म्हणूनच घालावं लागतं; पार्टिशन बनवण्याच्या स्टेटमेंटमधल्या किमतींचंही तसंच. संपूर्ण स्टेटमेंटच ओळीतल्या फील्डमध्ये तयार असेल तर ‘एक्झिक्यूट रो एसक्यूएल स्क्रिप्ट’ ही वेगळी स्टेप आहे.

व्हेरिएबलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा खड्डा तोच आहे. डॉलर आणि महिरपी कंसातलं नाव बदलून हवं असेल तर ‘व्हेरिएबल सब्स्टिट्यूशन’ची टिक लागते, आणि बदल तयारीच्या टप्प्यात होतो. म्हणून ‘सेट व्हेरिएबल्स’ने ठरवलेली किंमत त्याच ट्रान्सफॉर्मेशनमध्ये मिळत नाही. एका ट्रान्सफॉर्मेशनमध्ये ठरवा, जॉबमधल्या पुढच्या नोंदीत वापरा. व्हेरिएबल मुळात नसेल तर कंसासकट नाव तसंच डेटाबेसकडे जातं आणि सिंटॅक्स एरर येते. हे बरं, निदान कळतं तरी. व्हेरिएबल आहे पण रिकामं आहे, ही जास्त वाईट अवस्था. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल धरतं, नलशी केलेली तुलना कधी खरी ठरत नाही, आणि तुमचं डिलीट शून्य ओळी पुसून यशस्वी होतं. त्यानंतरचं इन्सर्ट त्याच दिवसाचा डेटा दुसऱ्यांदा भरतं. तारखेची खिडकी (अमुक दिवसाचाच डेटा) व्हेरिएबलने ठरवत असाल तर किंमत रिकामी नाही ना, हे जॉबच्या सुरुवातीलाच ‘सिम्पल इव्हॅल्युएशन’ने तपासा.

एसक्यूएल नोंदीत एकापेक्षा जास्त स्टेटमेंट लिहिली तर पेंटाहो ती अर्धविरामावर तोडून एकेक पाठवतं. एका चौकटीत आहेत म्हणून ती एका ट्रान्झॅक्शनमध्ये गेली असं धरून चालू नका. ते हवं असेल तर जॉबच्या किंवा ट्रान्सफॉर्मेशनच्या सेटिंगमध्ये ‘डेटाबेस ट्रान्झॅक्शनल करा’ ही टिक आहे. तिच्यामुळे एका डेटाबेसचं काम एकाच कनेक्शनवर जातं आणि फसलं तर सगळं मागे फिरतं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये मात्र ट्रंकेट स्वतःच कमिट करून टाकतं, तिथे ही टिक ते वाचवू शकत नाही. मागे फिरवता यावं असं हवं असेल तर डिलीट वापरा. पोस्टग्रेमध्ये ट्रंकेट मागे फिरतं.

अर्धविरामावर तोडण्याचा दुसरा त्रास ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेतल्या बिगिन–एंड ब्लॉकला आणि पोस्टग्रेमधल्या दुहेरी डॉलरात लिहिलेल्या फंक्शनला होतो. आतल्या अर्धविरामावर तुकडे पडतात आणि भलत्याच ओळीची एरर दिसते. ‘एकच स्टेटमेंट म्हणून पाठवा’ टिक करा. पण मग ओरॅकलच्या साध्या स्टेटमेंटच्या शेवटचा अर्धविराम काढा, नाहीतर ओआरए-००९११ येईल. बिगिन–एंड ब्लॉकच्या शेवटचा अर्धविराम ठेवायचाच. एसक्यूएल प्लसच्या सवयीने शेवटी तिरकी रेघ टाकू नका, ती त्या क्लायंटची खूण आहे, ओरॅकलच्या भाषेचा भाग नाही.

टेम्पररी टेबल एका एसक्यूएल नोंदीत बनवून पुढच्या नोंदीत वापरायचा बेत असेल तर सोडून द्या. नोंद संपली की तिचं कनेक्शन मिटतं आणि टेबलही जातं. खरं टेबल बनवा. पोस्टग्रेमध्ये ‘अनलॉग्ड’ केलंत तर लिहिणंही हलकं होतं. क्रॅशनंतर ते रिकामं होतं, पण स्टेजिंगला ते चालतं.

आणि कधी जॉब एरर न देता नुसताच लटकला तर लॉकची शंका घ्या. एक स्टेप टेबल वाचतेय, ट्रान्झॅक्शन उघडं आहे, दुसरी स्टेप वेगळ्या कनेक्शनवरून तेच टेबल ट्रंकेट करू पाहतेय. पोस्टग्रेमध्ये ट्रंकेटला टेबलावर सर्वांना अडवणारं लॉक लागतं, म्हणून ते थांबतं. वाचणारी स्टेप पुढे ओळी द्यायला थांबलेली असते, आणि पुढची स्टेप ट्रंकेटसाठी. दोन स्टेपमधल्या रांगेत डीफॉल्ट १०,००० ओळी मावतात, त्यामुळे चाचणीच्या छोट्या डेटावर हे दिसतच नाही. डेटाबेसला डेडलॉकही (एकमेकांसाठी अडकून बसणं) सापडत नाही, कारण साखळीचा अर्धा भाग जावामध्ये, म्हणजे पेंटाहोच्या बाजूला आहे. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी उघडा आणि अडकलेल्या प्रोसेसचा क्रमांक पीजी_ब्लॉकिंग_पिड्सला द्या, कोण अडवतंय ते कळेल. कनेक्शनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात जोडल्याबरोबर चालवायचं एसक्यूएल लिहायची जागा आहे, तिथे लॉक_टाइमआउट ३० सेकंद करून ठेवा. रात्रभर लटकण्याऐवजी जॉब अर्ध्या मिनिटात एरर देऊन पडेल. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीच्या ओळीच्या लॉकची मर्यादा ५० सेकंद असते, पण ट्रंकेट मेटाडेटा लॉकवर थांबतं आणि त्याची लॉक_वेट_टाइमआउट ही मर्यादा डीफॉल्ट ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे पूर्ण एक वर्ष आहे. ती सेशनपुरती कमी करून घ्या.

तुम्ही अपाची हॉपवर जायचा विचार करताय असं लिहिलंय. ते केटलच्याच (पेंटाहोच्या या साधनाचं मूळ नाव) कोडमधून निघालंय, तिथे जॉबला वर्कफ्लो आणि ट्रान्सफॉर्मेशनला पाइपलाइन म्हणतात. पाइपलाइनमधले भाग तिथेही एकदमच सुरू होतात, त्यामुळे हे ट्रंकेट वर्कफ्लोतच ठेवा.