फ्रिजमधल्या बाटल्या आणि अकरावीचं फिजिक्स

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून एका आईचं पत्र आलंय. थोडं कमी करून देतो:

"सर, मुलगी अकरावी सायन्सला आहे, पीसीएमबी. दहावीला ९१ टक्के होते. आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी नासर्डी नदीवर कचरा काढायला जातात, गणपतीत मूर्ती गोळा केल्या, नंतर तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून चार दिवस क्लास बुडवला. युनिट टेस्टला फिजिक्समध्ये नापास. हे म्हणतात ग्रुप बंद, मोबाइल बंद. आता तर फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी नदीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवते, वर मार्करने तारीख. मी चिडले तर म्हणते, बाहेर ठेवलं तर खराब होईल. नदीचं ते पाणी, आणखी काय खराब व्हायचंय! उद्या पोलीस केस झाली तर? आणि यात करिअर तरी आहे का?"

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगू का, मी त्या बाटल्यांपाशीच अडकलो. कारण पोरगी बरोबर बोलतेय. नदीचं पाणी बाहेर उन्हात ठेवलं की त्यातले जिवाणू आपलं काम चालूच ठेवतात, विरघळलेला ऑक्सिजन खात बसतात, मग लॅबमध्ये जो आकडा येतो तो नदीचा नसतो, तुमच्या ओट्यावरच्या बाटलीचा असतो. म्हणून सॅम्पल थंड आणि अंधारात ठेवतात आणि लवकरात लवकर लॅबला देतात. तिला एकच विचारा, बाटली भरताना काठोकाठ भरतेस की वर हवा ठेवतेस? बुडबुडा राहू न देता भरते म्हणाली तर समजा की हे नुसतं फोटोपुरतं नाहीये. (दुधाशेजारी मात्र नको. झाकणाचा वेगळा डबा द्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या असतील तर आधी बदला, घरात कोणी तहानेला रात्री उठला की संपलं.)

आता करिअर. लोक मला विचारतात 'पर्यावरणात स्कोप आहे का' आणि मला प्रश्नच कळत नाही, कारण ग्रुपमधली दहा पोरं दहा वेगळी कामं करत असतात. एक नगरसेवकाला फोन लावतो, एकीला रील भारी जमतात, कोणीतरी हरकतीचं पत्र लिहितं. काही वर्षांपूर्वी सिडकोतला एक मुलगा आलेला, तोही विसर्जनाला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, मूर्ती गोळा करायला जायचा, घरचे म्हणत निसर्गाची आवड आहे तर बायोलॉजी घे. मी विचारलं तिथे तू नक्की करतोस काय, तर म्हणे काही नाही सर, टेम्पो किती भरले, निर्माल्याची पोती किती, कुठे गेली, तेवढं वहीत लिहितो. वही बघितली, अशी नेटकी की बस. बायोलॉजी राहिलं बाजूला, बीकॉम केलं त्याने, आज अंबडच्या एका कंपनीत पाणी, वीज, कचरा यांचे आकडे सांभाळतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यात हे आकडे द्यावे लागतात आणि मोठ्या कंपन्या मग आपल्या सप्लायरकडूनही मागतात, तिथे असा माणूस लागतो.

तुमच्या मुलीचं काम बाटलीचं दिसतंय, म्हणजे मोजायचं. तिला सांगा मॅथ्स सोडू नकोस, पीसीएमबीवाली पोरं बारावीच्या तोंडावर पहिलं तेच सोडतात. मॅथ्स असलं तर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग उघडं राहतं, नाहीतर बीएस्सी केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी करून पुणे विद्यापीठात एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स. पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाणी तपासणाऱ्या लॅब, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प. झाडांकडे ओढ असेल तर दापोलीला बीएस्सी फॉरेस्ट्री आहे, वनसेवेच्या परीक्षाही आहेत. आणि पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो, हे मी लपवणार नाही.

अजून एक कटू गोष्ट, ही तिला वाचून दाखवा. सीईटीच्या मेरिटमध्ये नासर्डीवरचे रविवार मोजत नाहीत. शून्य मार्क. काही खासगी विद्यापीठं मुलाखत घेतात तिथे उपयोग होतो, बाकी फिजिक्सच लागतं. आणि नापास व्हायला ग्रुपच कारण असेल असंही नाही, दहावीच्या ९१ टक्क्यांचा आणि अकरावीच्या फिजिक्सचा काडीचा संबंध नसतो, दरवर्षी बघतो मी. पेपर हातात घेऊन बसा, न्युमरिकल चुकलेत की सोडूनच दिलेत ते बघा. रविवारी सात ते दहा नदी, क्लास बुडवायचा नाही, एवढं ठरवा. साहेबांना सांगा बंदी घातली तर ती मैत्रिणीकडे चाललेय सांगून तिथेच जाईल, मग कुठल्या काठावर आहे तेही कळणार नाही.

पोलिसांची भीती मी उडवून लावणार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेची झाडं रात्रीतून तोडायला घेतली तेव्हा २९ जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थी होते. पण ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवायला सांगितलं ते कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून (तोवर बहुतेक झाडं पडली होती, तेही खरं). तर जेसीबीपुढे उभं राहणं आणि मुदतीत लेखी हरकत देणं यात फरक आहे. शहरातली झाडं तोडायची तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस काढावी लागते, त्यावर हरकत घेता येते, पोच घ्यायची, फाइल करायची. तुमची सही खाली असली तर अजून बरं. रीलमध्ये अधिकाऱ्याचं किंवा ठेकेदाराचं नाव घेऊन आरोप मात्र सोळाव्या वर्षी नको, पुरावा असला तरी नको, त्यापेक्षा तोच पुरावा अर्जाला जोडा.

आणि येत्या रविवारी तुम्ही एकदा सोबत जाऊन या, जुनी चप्पल घालून, लेक्चर न देता. हातात जाड ग्लोव्हज असतात का बघा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आजच विचारून घ्या, नासर्डीत काचा फार असतात.