वाचकांचे प्रश्न : सत्तरीनंतर पियुषिकेची गाठ

प्रश्न : माझी आई 76 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, पण दृष्टी सुधारल्याचे तिला जाणवले नाही. त्यानंतर दोनदा चष्मा बदलून झाला. ती चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटते, शेजारी येऊन उभे राहिलेले माणूस तिला दिसत नाही. अशक्तपणा आहे आणि रक्तातील सोडियम कमी झाले म्हणून तिला दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले. शेवटी एका नेत्रतज्ज्ञांनी एमआरआय करायला सांगितला, त्यात पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीची 26 मिलिमीटरची गाठ निघाली. तिला रक्तदाब आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला असल्याने ॲस्पिरिन चालू आहे. नातेवाईक म्हणतात, या वयात मेंदूचे ऑपरेशन कशाला? हा कर्करोग आहे का? कवटी उघडावी लागेल का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण घरातली निम्मी भीती त्यांतूनच आलेली असते. पियुषिकेच्या गाठी जवळजवळ नेहमीच कर्करोगाच्या नसतात, त्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत. आणि बहुसंख्य रुग्णांत कवटी उघडावी लागत नाही, शस्त्रक्रिया नाकातून होते.

वाटाण्याएवढी ही ग्रंथी नाकाच्या पाठीमागे, कवटीच्या तळाशी, खोगिरासारख्या एका खळग्यात बसलेली असते. तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा फुलीसारख्या एकमेकींना छेदतात, आणि बाहेरच्या बाजूंचे, म्हणजे उजव्या डोळ्याच्या उजवीकडचे व डाव्या डोळ्याच्या डावीकडचे दृश्य वाहून नेणारे तंतू नेमके या फुलीतून पलीकडे जातात. गाठ खालून वर सरकली की पहिला दाब त्यांच्यावर येतो. परिणामी समोरची अक्षरे बराच काळ नीट वाचता येतात, परंतु दोन्ही कडांचे दृश्य, त्यातही आधी वरच्या बाजूचे, हळूहळू पुसले जाते. डोळ्यांच्या तपासणीत तक्ता वाचून दाखवणारा रुग्ण घरी मात्र चौकटीला आपटतो, ही विसंगती त्यामुळे. साठी ओलांडलेल्या माणसाला कमी दिसते म्हटले की मोतीबिंदूकडे बोट दाखवणे सोपे असते, आणि मोतीबिंदू खरोखरच असल्यामुळे कोणी चुकले असेही म्हणता येत नाही. पण तो काढल्यानंतरही तक्रार तशीच राहिली, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, लगेच व्हायला हवी. तुम्ही घरीही एक साधी गोष्ट करून पाहू शकता. आईंना एक डोळा झाकून तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि बाहेरच्या बाजूने एक बोट हलवत आत आणा. तुम्हाला बोट दिसू लागल्यावरही त्यांना ते बराच वेळ दिसत नसेल, तर कडेचे क्षेत्र गेले आहे असे समजा. अर्थात ही यंत्रावरच्या तपासणीची जागा घेत नाही.

आता सोडियमविषयी. मला तुमच्या पत्रातील ही सर्वांत महत्त्वाची ओळ वाटली. गाठीच्या दाबाने ग्रंथीचा निरोगी भाग दबतो, मग मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना आणि थायरॉईडला पियुषिकेकडून मिळणारे हुकूम थांबतात. अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसोल हे संप्रेरक (हार्मोन) कमी पडले की थकवा येतो, भूक मरते, रक्तदाब उतरतो, सोडियम घसरते. ही सगळी लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर अगदी सहज जमा होतात. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधीच सकाळचे कॉर्टिसोल, थायरॉईडचे टी4 व टीएसएच आणि प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार करवणारे संप्रेरक) तपासून घ्या. कॉर्टिसोल कमी असेल, तर आधी त्याची भरपाई करणारे स्टेरॉईड सुरू होते आणि मगच थायरॉईडची गोळी. हा क्रम उलटा झाल्यास रुग्ण अचानक गंभीर होऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये पियुषिकेची एफएसएच व एलएच ही संप्रेरके चांगलीच वाढलेली असतात, ती कमी आढळली तर ग्रंथी मूक झाल्याचा तो पुरावाच असतो. वयस्कर स्त्रियांच्या बाबतीत ही साधी रक्ततपासणी पुष्कळदा कोणाला सुचत नाही.

प्रोलॅक्टिनचे महत्त्व वेगळे आहे. ते खूप जास्त निघाले, तर गाठ प्रोलॅक्टिन स्रवणारी असते आणि मोठी असली तरी कॅबर्गोलीनच्या गोळ्यांनी आक्रसते, त्यामुळे शस्त्रक्रिया टळू शकते. थोडेसेच वाढलेले असेल, तर ते बहुधा ग्रंथीच्या देठावर दाब आल्यामुळे असते, तिथे गोळीने गाठ लहान होत नाही. वयस्करांत आढळणाऱ्या मोठ्या गाठी बहुतेक कोणतेही संप्रेरक न स्रवणाऱ्या असतात, आणि डोळ्यांच्या नसा दबलेल्या असल्या तर त्यांवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे.

‘या वयात’ या आक्षेपाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जन्मतारीख पाहून शस्त्रक्रिया नाकारणे मला मान्य नाही. पाहायचे ते हे, की आई स्वतःच्या पायांनी किती चालतात, त्यांचे हृदय व फुप्फुसे भूल सोसतील का, स्मरण कसे आहे, गेल्या वर्षभरात वजन घटले का. नाकातून जाण्याची ही वाट काही आजची नाही. ऑस्ट्रियातील हर्मान श्लोफर यांनी 1907 साली अशी पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा नाक बाजूला वळवावे लागले होते. 1960च्या दशकात सूक्ष्मदर्शक आला, 1990च्या दशकापासून दुर्बीण रुळली, आणि आता चेहऱ्यावर एकही टाका न घालता काम होते. बहुतेक ठिकाणी नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि मेंदूचे शल्यविशारद मिळून ते करतात.

वयस्कर रुग्णात आमचे उद्दिष्टही जरा वेगळे असते. नसांवरचा दाब काढायचा हे पहिले काम. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला बिलगलेला तुकडा ओढून काढण्याचा अट्टहास आम्ही करत नाही, तो ठेवून पुढे एमआरआयने त्यावर नजर ठेवली जाते, वाढू लागल्यास रेडिएशनचा पर्याय असतो. दाब निघाल्यावर बहुसंख्य रुग्णांची दृष्टी सुधारते, काहींची तर काही दिवसांतच. मात्र नस आधीच सुकून पातळ झाली असेल, तर गेलेले सगळे परत येत नाही, म्हणून महिनोन्महिने थांबणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत डोळे मोजतात. धोके आहेत. मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळणे, संसर्ग, रक्तस्राव, संप्रेरकांची कायमची कमतरता, आणि क्वचित धमनीला इजा. भुलीनंतर काही दिवस भ्रमिष्टासारखे बोलणे वयस्करांत अधिक दिसते. ते बहुतेकदा ओसरते, परंतु घरच्यांना आधी सांगितलेले नसले की फार घाबरायला होते. ॲस्पिरिन तुम्ही परस्पर बंद करू नका. कधी थांबवायचे आणि कधी परत सुरू करायचे, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून ठरवायचे असते.

प्रश्न : वडील 81 वर्षांचे आहेत. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, त्यात पियुषिकेत 6 मिलिमीटरची गाठ दिसली. डोळे ठीक आहेत. पुढे काय करावे?

उत्तर : ही गाठ त्यांच्या चकरेचे कारण असण्याची शक्यता नगण्य आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अशा छोट्या गाठी साधारण दहांतल्या एकाला सापडतात आणि त्यांतील बहुसंख्य आयुष्यभर काहीही त्रास देत नाहीत. 10 मिलिमीटरपेक्षा लहान असलेल्या या गाठीसाठी एकदा संप्रेरकांच्या रक्ततपासण्या करा, वर्षभराने एमआरआय परत करा, आणि चकरेचे खरे कारण दुसरीकडे शोधा. एकच गोष्ट लक्षात ठेवा. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, एकाची दोन दिसणे किंवा पापणी खाली येणे, असे झाल्यास गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो, तेव्हा रात्र असली तरी थेट रुग्णालयात जा. लहान गाठीत हे क्वचितच होते.

प्रश्न : मी स्वतः 72 वर्षांची आहे. तीन आठवड्यांनी माझी नाकातून शस्त्रक्रिया ठरली आहे. घरी आल्यावर कोणती काळजी घ्यावी, हे मला कोणी नीट सांगत नाही.

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण खरी जोखीम टाके-पट्ट्यांत नसून पुढच्या दोन आठवड्यांत असते. नाक शिंकरायचे नाही. शिंक आली तर ती दाबू नका, तोंड उघडे ठेवून येऊ द्या. खाली वाकणे, जड उचलणे आणि शौचाला जोर करणे टाळा, पोट साफ राहण्यासाठी औषध लागले तर मागून घ्या. झोपेत श्वास अडतो म्हणून सीपॅपचे यंत्र वापरत असाल, तर शस्त्रक्रियेआधीच सांगा, कारण त्याची हवा नुकत्याच बुजवलेल्या जागेवर दाब देते.

पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे पातळ थेंब टपकले, किंवा घशामागे खारट चव आली, तर ती सर्दी समजू नका, ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. पांढऱ्या रुमालावर ते टिपून पाहा. शेंबडाचा डाग वाळला की कडक होतो, हे पाणी मात्र वाळून गेल्यावर रुमाल मऊच राहतो. या खुणेवर विसंबून राहायचे नाही, पण फोन करण्यास ती पुरेशी आहे.

पहिल्या दिवसांत अतोनात तहान आणि वरचेवर खूप लघवी, हे शरीरातील पाणी राखणाऱ्या संप्रेरकाची कमतरता दाखवते. दिवसाची लघवी मोजून लिहून ठेवा, 3 लिटरच्या वर गेली तर कळवा. याच्या नेमके उलटही घडते. चौथ्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान सोडियम उतरू शकते. मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. वयस्कर माणूस थोडा गोंधळला तर घरचे वयाचे म्हणून सोडून देतात, ते करू नका. सातव्या दिवसाच्या आसपास सोडियमची तपासणी ठेवलीच पाहिजे. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

स्टेरॉईडची गोळी दिली असेल, तर एकही मात्रा चुकवू नका. ताप आला तर सहसा मात्रा दुप्पट करावी लागते, पण ते तुमच्या डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन तातडीने लागते. ‘मी स्टेरॉईडवर आहे’ अशी चिठ्ठी पर्समध्ये कायम ठेवा, दंतवैद्याकडे जातानाही.