ठरावावर सही करण्याआधी गायरान पायी फिर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सरपंच होऊन सहा महिने होत नाहीत तोच आठ मेगावॉटचा सौर प्रकल्प समोर आला आणि त्याला गायरानातले चाळीस एकर हवेत. निम्मं गाव म्हणतं उद्याच ठराव दे, निम्मं म्हणतं गायरानाला हात लावशील तर बघ. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, असं तू विचारलंस.

मी प्रकल्पाला हो म्हटलं असतं. पण जागा नकाशावर बोट ठेवून ठरवली नसती.

हो अशासाठी, की शेतीला दिवसा वीज मिळणं किती गरजेचं आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्री दोनला लाईट येते म्हणून बॅटरी तोंडात धरून उसात दारं मोडणारा माणूस, खाली विंचूकाटा, जोडीला बिबट्याची धास्ती. सौर कृषी वाहिनी योजनेतून ते थांबणार असेल तर त्याला आडवं जाऊ नये. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात आणि जागा सबस्टेशनच्या जवळ हवी असते, म्हणून सगळ्यांची नजर गायरानाकडे वळते. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. फक्त ती जमीन रिकामी आहे, असं सगळे धरून चालतात.

एकतीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढली, त्यातली पहिली दहा वर्षं मीही तसंच धरून चाललो. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, ही इंग्रजी अमदानीतली महसुली समजूत आमच्या दप्तरात तशीच मुरलेली होती. एका गावात वृक्षलागवडीचा लक्ष्यांक आला. मोकळी जागा म्हणून मी माळच दाखवला. जेसीबीनं चर मारले, गिरिपुष्पाची रोपं ओळीनं लावली. मुरमावर जेमतेम वीतभर माती, तीही उलथली. पवन्या आणि मारवेल हे चाऱ्याचं गवत मुळासकट निघालं. तिसऱ्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली आणि गवत काही परत आलं नाही. मग मेंढरांचे कळप तिकडे थांबेनात. कळप थांबेनात म्हणून रानात मेंढ्या बसवून खत घेणाऱ्यांना खत विकत आणावं लागलं. आणि सशांनी भरलेला माळ गेल्यावर लांडगा मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे मुक्कामावर, जास्त यायला लागला. त्या कागदावर सही माझी आहे. आजही त्या रस्त्यानं गेलो की मी दुसरीकडे बघतो.

म्हणून सांगतो, आधी पायी फिर. सकाळी सहाला, चपला जाड घालून, कारण कुसळं पायात शिरतात. एखादी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर तिथंच थांब आणि पायाखाली बघ. खड्यांमध्ये चार अंडी असतील, टोकं आत वळवलेली, रंग इतका खड्यांसारखा की हातभरावरूनही दिसायची नाहीत. थंडीत त्याच गवतावरून भोवत्या पक्षी खालून उडत जाताना दिसतील, ते मध्य आशियाकडून येतात. चाळीस एकर सगळे सारखे नसतात गं. कुठं नुसता उघडा मुरूम आणि जुनी खाण असते, तिथं पॅनल बसले तर फारसं कुणाचं बिघडत नाही. कुठं ओढ्याकडेचा गवताचा पट्टा असतो, तो गेला की सगळंच गेलं.

पण उलटी चूकही होते. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांची शेतं आली. जमिनीचा साधा व्यवहार करायचा तरी अडचण. लोकांना तो पक्षी आपला वाटण्याऐवजी वैरी वाटू लागला. पुढे क्षेत्र घटवून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणंच दुर्मिळ झालं होतं. म्हणून गायरान वाचवा म्हणणाऱ्यांनाही विचार, नक्की कुठला भाग, आणि तो राखणार कोण?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घेऊ नकोस. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत हात वर करायला तेच नसतात ज्यांची मेंढरं त्या गवतावर जगतात, आणि इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं. मी स्वतः असं लिहिलेलं आहे. २ ऑक्टोबरच्या सभेत घे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानं पंचायतीला जी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते, ती कपाटातून काढून सभेत वाच. मी पाहिलेल्या कितीतरी वह्या बाहेरच्या माणसांनी चार दिवसांत भरल्या होत्या. तुमचीही तशीच असेल तर मेंढपाळ आणि सरपणाला जाणाऱ्या बायका यांना विचारून पुन्हा लिही.

ठरावात अटी घाल. ओढ्याकडेचा पट्टा मोकळा ठेवायचा. कुंपणाच्या जाळीखाली वीतभर जागा सोडायची, ससा-खोकड निघून जातील. पॅनलखाली तणनाशक मारायचं नाही, गवत कापून गावाला द्यायचं. हे तोंडी मान्य करून विसरतात, म्हणून लेखीच घे.

एक काम मात्र आजच कर, त्याला ठराव लागत नाही. तुमच्याकडच्या शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद आहे. पाण्याला उतरलेलं जनावर त्या शेवाळलेल्या उतारावरून वर येऊ शकत नाही. मी एकदा सकाळी असं खोकड पाहिलं, मेलेलं. कागदावर नखांचे ओरखडे काठाच्या हातभर खालपर्यंत आलेले होते. प्रत्येक तळ्यात एका कोपऱ्यात जुने टायर दोराला ओवून सोडायला सांग. खर्च काही नाही, आणि कुणाचं लेकरू पडलं तरी तेच टायर उपयोगी येतील.

येत्या रविवारी पहिल्या एसटीनं येतो. गट नकाशाची मोठी झेरॉक्स काढून ठेव, आणि तुझ्या गावच्या वाड्यावरल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला निरोप धाड. त्यांच्या मागोमाग आपण दोघं चालू, ते थांबतील तिथं नकाशावर खूण करू.

तुझा,
काका