गुडघा सटकत नाही, एवढंच झालंय

प्रिय पोरी,

ऑपरेशन झालं म्हणजे गुडघा पहिल्यासारखा झाला ना, असं तू विचारलंस. सटकायचा थांबला, हे खरं. पण तुझा पहिला एमआरआय पुन्हा काढून बघ. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पांढुरके ढग दिसतात, तो मुका मार. लिगामेंट, म्हणजे ही दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं त्याच क्षणी हाडं एकमेकांवर आदळली आणि त्यांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत अस्तर, चेपली गेली. ढग काही महिन्यांत विरतात. कूर्चेचं तसं नाही. तिला ना रक्तवाहिनी ना नस, त्यामुळे ती दुखून सांगत नाही आणि धड भरूनही येत नाही.

स्वीडनमध्ये लिगामेंट तुटलेल्या फुटबॉलपटू मुलींचे 12 वर्षांनी एक्स-रे काढले. सरासरी वय अवघं 31, आणि निम्म्या जणींच्या गुडघ्यात झीज दिसली. ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या, दोघींत फारसा फरक नव्हता. घाबरवायला नाही सांगत. एक्स-रेवर झीज असूनही मजेत पळणारे मी पाहिलेत.

माझं मात्र तसं झालं नाही. माझी दोन हाडांमधली फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, कापूनच टाकली होती. गादी काढलेल्या गुडघ्यात सांध्यातली फट कमी होते, हाडाला कंगोरे येतात, हे फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं 1948 सालीच लिहून ठेवलंय. तरी पुढे कितीतरी वर्षं गाद्या सर्रास काढल्या गेल्या. आज जिना उतरताना माझा गुडघा माझ्याआधी बोलतो. तुझी गादी टाके घालून वाचवली आहे. लिगामेंटइतकीच तिचीही काळजी घे.

नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नकोस, संघ कितीही अडला तरी. लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि दुसरा मार कूर्चेला आणखी महागात पडतो. नऊ महिने भरले तरी नुसती तारीख बघायची नाही. मांडीचा पुढचा स्नायू दुसऱ्या पायाच्या तोडीचा झालाय का, ते फिजिओकडून तपासून घे. तो लुळा असला की धक्का सरळ सांध्यात जातो.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाय लांब करून बस. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे दिसले तर ठीक. भरून आले असतील तर आत पाणी झालंय, आदला दिवस जास्त झाला. पळणं बंद, सायकल चालव.

रविवारी दोन्ही मांड्या टेपनं मोज, वाटीपासून सारख्याच अंतरावर, आणि आकडे मला कळव.

तुझी ताई