वाचक विचारतात : अंजिराची काडी जगत का नाही?

प्रश्न : सासवडजवळच्या बागेतून छाटणीत निघालेल्या काड्या आणून कुंडीत लावल्या. पंधरा दिवसांत छान पानं फुटली, पण महिन्याभरात सगळ्या वाळल्या. पाणी तर रोज घालत होतो. (पुणे)

उत्तर : रोजचं पाणीच नडलं असणार. अंजिराच्या काडीत अन्नाचा साठा बराच असतो. त्या जोरावर डोळे आधी फुटतात, मुळं मागाहून येतात. त्यामुळे पानं दिसली म्हणजे काडी लागली, असं धरू नये. मेलेली काडी उपटून बघा. बुडाची साल काळी, बुळबुळीत झाली असेल तर ती कुजली. साल नुसतीच सुरकुतली असेल तर ऊन जास्त झालं किंवा ओल कमी पडली.

आता नव्याने लावताना आठ ते बारा महिने वयाची, पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड काडी निवडा. लांबी 20 ते 25 सेंमी, डोळे चार-पाच. शेंड्याकडची हिरवी, लुसलुशीत फांदी नको, ती मुळं धरण्याआधीच सडते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ द्या, वरचा डोळ्याच्या सेंटीमीटरभर वर आणि तिरका. वरची बाजू कुठली हा घोळ मग होत नाही. काप दिल्यावर निघणारा पांढरा चीक धुऊन टाका आणि काड्या एक दिवस सावलीत ठेवा. हा चीक अंगावर राहून ऊन लागलं तर कातडीला फोड येतात, तेव्हा हातमोजे घाला.

पिशवीत निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा. शेणखत या टप्प्यावर अजिबात नको. काडीचा दोन-तृतीयांश भाग आत जाऊ द्या. मिश्रण मुठीत दाबल्यावर थेंब गळला तर पाणी जास्त झालं. पिशवी उजेडाच्या सावलीत ठेवा आणि सहा ते आठ आठवडे काडी ओढून बघण्याचा मोह टाळा. तळाला भोकं पाडलेल्या पारदर्शक ग्लासात लावून बाहेरून काळा कागद गुंडाळला, तर कागद काढून मुळं बघता येतात. मुळं पांढरी असतानाच फार हात लावू नका, ती काचेसारखी तुटतात. तपकिरी झाल्यावर मोठ्या कुंडीत हलवा. मुळं फुटवणारी पावडर हवी तर लावा, पण अंजिराला तिची फारशी गरज नसते.

आणखी एक, पानांवर पिवळे-हिरवे चट्टे असलेल्या झाडाची काडी फुकट मिळाली तरी आणू नका. तो मोझॅक विषाणू असू शकतो, आणि तो काडीबरोबर घरी येतो.

प्रश्न : एकच मोठं रोप लवकर हवं आहे. गुटी बांधू का? (नाशिक)

उत्तर : जरूर. गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवणं, पावसाळा त्यासाठी उत्तम. बोटाएवढ्या फांदीची अडीच सेंमी रुंद साल गोल काढा आणि आतला बुळबुळीत थर सुरीने खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. गुटी फसण्याचं हेच नेहमीचं कारण. पिळून घेतलेलं ओलं मॉस (शेवाळ) मूठभर गुंडाळा, प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट बांधा. प्लास्टिकमधून भरपूर मुळं दिसली की गुटीच्या खाली कापा, निम्मी पानं काढा आणि रोप पंधरा दिवस सावलीत ठेवा.

प्रश्न : गच्चीवरच्या झाडाला पावसात फळं येतात, पण ती पाणचट होतात, फुटतात. परागीकरणाची माशी नसल्याने असं होतं का? (ठाणे)

उत्तर : नाही. आपल्याकडच्या पुना जातीच्या अंजिराला फळ धरायला माशीची गरजच नसते. फळात किडे निघतात ते उंबराच्या, अंजिराला उगीच बदनाम करू नये. तुमचा प्रश्न बहाराचा आहे. पुरंदरात खट्टा (पावसाळी) आणि मीठा (उन्हाळी) असे दोन बहार धरतात. घरी मीठा धरावा. पावसाळी फळं लहान असतानाच खुडा, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फांद्यांचा शेंड्याकडचा तिसरा हिस्सा छाटा. नव्या फुटव्यांवर, पानांच्या बेचक्यात फळं धरतात आणि कोरड्या उन्हात पिकून गोड होतात. कुंडी किमान 18 इंची, ऊन सहा तासांवर हवं. फळं फुगताना कुंडी आधी कोरडी ठेवून मग एकदम भिजवली, तरी ती फुटतात. आणि देठाशी मऊ होऊन मान टाकेपर्यंत फळ तोडू नका. कच्चं काढलेलं अंजीर घरात ठेवून गोड होत नाही.

प्रश्न : पानांच्या मागे तांबूस पुटकुळ्या येऊन पानगळ होते. (सातारा)

उत्तर : हा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. गळलेली पानं गोळा करून जाळा. त्यावरचं बुरशीनाशक, एक टक्का बोर्डो मिश्रण, घरी करता येतं : अर्धा लिटर पाण्यात 10 ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्यात 10 ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. लोखंडी पातं बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. फवारा त्याच दिवशी संपवा आणि पानांच्या खालून मारा, वरून मारून उपयोग नाही.